चौकात चालक कुठे पाहतो?

चौकात कुणाला धक्का लागला की लोक लगेच म्हणतात, 'ड्रायव्हरचं लक्षच नव्हतं.' पुष्कळदा त्याचं लक्ष असतं, पण ते नेमकं दुसरीकडे असतं. आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूनं चालतात. त्यामुळे मधल्या गोल बेटाभोवती फिरणारी गाडी आत शिरणाऱ्याच्या उजवीकडून येते, आणि वाहन चालवण्याच्या २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार पहिला हक्क त्या फिरणाऱ्या गाडीचा असतो. साहजिकच चालक मान उजवीकडे वळवतो, दोन गाड्यांमधली फट शोधतो आणि फट दिसताच पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवतो. त्याच क्षणी डाव्या कडेनं पिशवी घेऊन कुणी रस्त्यावर उतरलं, तर ते त्याला दिसतच नाही. फिनलंडच्या हेलसिंकीत चालकांच्या नजरेचा अभ्यास झाला, तो १९९६मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे वाहतूक उजवीकडून चालते. उजवीकडे वळणारे चालक डावीकडून येणाऱ्या गाड्याच पाहत राहतात आणि उजवीकडचा सायकलस्वार त्यांच्या नजरेतून सुटतो, असं त्यात आढळलं. वेग कमी करायला लावणारे उपाय केले, तेव्हा चालक उजवीकडेही पाहू लागले. म्हणजे रस्ता बदलला आणि नजर बदलली.

म्हणून हिंगोली, वसमत, कळमनुरीसारख्या गावांतल्या चौकांचा विचार झेब्रा पट्ट्यांपासून सुरू व्हायला हवा. गाडी जिथे उजवीकडे पाहत थांबते, तिथेच पट्टे मारणं घातक आहे. ते साधारण एका मोटारीच्या लांबीइतके मागे हवेत. मग चालकाला आधी पादचारी भेटतो आणि उजवीकडे पाहण्याचं काम नंतर येतं. दोन दिशांच्या मध्ये उभं राहण्यापुरता दुभाजक असला, तर म्हाताऱ्या माणसालाही एका वेळी एकाच बाजूची वाहतूक पाहावी लागते. प्रवेश अरुंद आणि वळणदार ठेवला की वेग आपोआप उतरतो. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते, ३०च्या वेगानं आठच.

'लोक कुठूनही रस्ता ओलांडतात, त्यांना आधी शिस्त लावा,' हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण फूटपाथवर हातगाडे आणि दुचाक्या असतील, तर माणूस डांबरावरच चालणार. २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. एवढ्या मृत्यूंचं खापर बेशिस्तीवर फोडून आपण मोकळे होऊ शकत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातल्या कलम १९८-अ नं सदोष रस्त्याची जबाबदारी रस्ता आखणाऱ्यांवर आणि बांधणाऱ्यांवरही टाकली आहे. सिग्नल हा दुसरा पर्याय सुचवला जातो. गर्दीच्या चौकात तो लागेलही, पण रात्री तो पिवळा लुकलुकू लागला की वेगाला आवर घालायला काहीच उरत नाही, बेट मात्र चोवीस तास जागेवर असतं. राहिली हळदीच्या ट्रकची आणि उसाच्या ट्रॉलीची अडचण. मधल्या बेटाची कड चाक चढेल इतकी बुटकी ठेवली, तर लांब वाहनही वळतं.

एक काम तर आजच होण्यासारखं आहे. चौकाच्या तोंडाशी बांधलेले शुभेच्छांचे फ्लेक्स दप्तर घेऊन उभ्या असलेल्या पोराला पूर्ण झाकून टाकतात. ते काढायला ना निधी लागतो, ना निविदा.