रिकामे शिंपले खाडीलाच परत द्या

मैत्रिणींनो, ओहोटीला आपण कालवं काढतो. मांस घेतलं की शिंपले म्हणजे कचरा, असंच वाटतं ना? पण कालवाचं पिल्लू २-३ आठवडे पाण्यात तरंगतं आणि मग कठीण जागा बघून तिथे कायमचं चिकटतं. मऊ चिखलात पडलं तर गाडलं जाऊन मरतं. जुने शिंपले आणि खडी हाच त्याचा आधार. त्यांच्या फटींत छोटे खेकडे, कोळंबी, माशांची पिल्लं लपतात. त्यांना खायला मोठे मासे येतात.

हा थर चुन्यासाठी, भरावासाठी सगळाच उपसला, तर पुढची कालवं बसणार कशावर? म्हणून लहान कालवं फोडू नका. रिकामे शिंपले धुऊन, उन्हात वाळवून जिथून काढले तिथेच टाका. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.