टाके घालणारा हात आधी कुठे शिकतो?

मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात रात्री आपला माणूस जखम घेऊन गेला, की टाके घालायला बहुधा रेसिडेंट डॉक्टर येतो. एमबीबीएस झालेला, सर्जरीचं पुढचं शिक्षण घेणारा. या मुलामुलींचा हात बसवण्याचं काम प्रोफेसरांइतकंच आम्ही सिस्टर करत आलो. कागदावर मात्र ते कुठे येत नाही.

एकदा बघायचं, एकदा करायचं, मग दुसऱ्याला शिकवायचं, असा या क्षेत्रातला जुना रिवाज. आम्हाला तो कधीच पटला नाही. कारण ते ‘एकदा करायचं’ कुणाच्या अंगावर? खाजगीत जायला पैसे नसलेल्याच्या. पहिले टाके स्पंजवर, रबरी कातडीवर, खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या पायावर पडले पाहिजेत. 2019च्या एमबीबीएस अभ्यासक्रमाने त्यासाठी कॉलेजात स्किल लॅब असावी असं ठरवलं आहे. खोली असणं वेगळं आणि रोज उघडी असणं वेगळं.

शिकवायचं काय? सुई टोकाजवळ नाही, मागच्या बाजूला धरायची. कातडीत सरळ उभी घालायची आणि मनगट वळवत बाहेर काढायची. आडवी ढकलली की वाकते. खरी परीक्षा गाठीची. नवा डॉक्टर भीतीपोटी ती करकचून आवळतो. दुसऱ्या दिवशी जखम सुजते, धागा रुततो, कडेला रक्त पोचत नाही, कड काळी पडते. कडा एकमेकींना नुसत्या टेकल्या की पुरे. खाटेच्या गजाला धागा बांधून गाठींचा सराव करणारा रेसिडेंट दिसला, की आम्हाला बरं वाटायचं.

त्याआधीची कामं घाईत सुटतात. भूल देण्यापूर्वी बोटं हलवून बघायची, स्पर्श कळतो का विचारायचं. नस किंवा स्नायूची दोरी तुटली असेल तर तेव्हाच कळतं. मग जखम भरपूर धुवायची, आत काच-माती शोधायची. वरून सुंदर टाके आणि आत माती, असं काम काय कामाचं?

आणि सुई. ती हातातून हातात द्यायची नाही, ट्रेमध्ये ठेवायची आणि काम झालं की स्वतः सुयांच्या डब्यात टाकायची. कचऱ्याच्या पिशवीत गेलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही तिच्यातून जाऊ शकतात. तो कामगार बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो. रेसिडेंटला हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगायचो, जरा आवाज चढवूनच.

टाके घातल्यावर तुम्ही निःसंकोच विचारा: सिनियरनी पाहिलं का? धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का? टाके कधी काढायचे? साधारणपणे चेहऱ्याचे पाचेक दिवसांत, डोक्याचे सात ते दहा, हातापायांचे दहा ते चौदा दिवसांत निघतात. मधेच जखम लाल झाली, ठणकली, पू आला किंवा ताप भरला, तर तारखेची वाट न बघता परत जा.