हिवाळी पाहुणे आणि गावची नोंदवही

दिवाळी सरून पहाटेच्या हवेत गारवा आला की नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर दूरदेशीच्या पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. लडाख व तिबेटकडील चक्रवाक, रुंद चोचीचा थापट्या, लांब शेपटीचा तलवार बदक, चिमुकला चक्रांग अशी कितीतरी पाखरे येथे उतरतात आणि उन्हाळ्याची चाहूल लागताच पुन्हा उत्तरेची वाट धरतात.

हे पक्षी केवळ थंडीला भिऊन येतात, असा समज आहे. वस्तुतः त्यांची पिसे थंडी सोसण्यास समर्थ असतात. तथापि उत्तरेकडील जलाशय गोठले की पाणवनस्पती, शिंपले, किडे हे त्यांचे अन्न दुर्लभ होते. अन्नाच्या शोधात ते हजारो किलोमीटरचा प्रवास करतात.

बंधाऱ्याने घडविलेली पाणथळ

नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ, शेतीला पाणी देण्याच्या हेतूने बांधण्यात आला. नद्यांनी आणलेला गाळ त्याच्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला. जलाशय उथळ झाला, मध्ये बेटे तयार झाली, काठाने पाणगवत माजले. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने जी हानी, तीच पाखरांच्या दृष्टीने पर्वणी ठरली. १९८६ साली हे क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. पुढे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. हा मान मिळविणारे ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय.

येथे पाण्याच्या खोलीला फार महत्त्व आहे. थापट्या व तलवार बदक बुडी मारून नव्हे, तर मान पाण्यात घालून चरतात. म्हणून त्यांना उथळ पाणी लागते. चिखल्या, तुतवार यांसारखे पक्षी ओल्या चिखलातच भक्ष्य शोधतात. पाणी एकाएकी चढले वा उतरले, तर पाखरांचे ताट वाढलेले असूनही त्यांना पोहोचता येत नाही. पाणी सोडण्याचे वेळापत्रक, काठची शेती, मासेमारी आणि पाखरे यांचा परस्परसंबंध असा निकटचा आहे.

नोंदीचे मोल

पक्षिनिरीक्षणासाठी दूर जावेच लागते असे नाही. शाळेच्या मैदानावर शेपटी हलवीत धावणारा धोबी, म्हणजेच परीट, हाही हिवाळी पाहुणाच. ज्वारीच्या शिवारावर थव्याने उतरणाऱ्या भोरड्या शेतकऱ्यांच्या परिचयाच्या आहेत. हे पक्षी गावात प्रथम कोणत्या तारखेस दिसले, किती होते, केव्हा परतले, एवढे जरी दरवर्षी लिहून ठेवले, तरी त्यातून मोलाचा पुरावा उभा राहतो.

अशा नोंदीचे सामर्थ्य किती असते, हे वनपिंगळ्याच्या इतिहासावरून कळते. एकोणिसाव्या शतकात खानदेशात मुलकी सेवेत असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी या लहानशा घुबडाचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र तो कोणासही आढळला नाही. रिचर्ड माइनर्टझहागेन यांच्या संग्रहात १९१४ साली गुजरातेत मिळविल्याचे सांगितलेला एक नमुना होता. तो खोटा असल्याचे, म्हणजे संग्रहालयातील जुनाच नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावल्याचे, कालांतराने सिद्ध झाले. तोपर्यंत शोध घेणाऱ्यांची दिशाभूल झाली होती. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली आणि जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढीत त्या सहकाऱ्यांसह खानदेशात आल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात भरदिवसा झाडावर बसलेला वनपिंगळा त्यांना दिसला. नामशेष झाला असे मानलेला पक्षी ११३ वर्षांनी सापडला! एका खोट्या नोंदीने जी वाट चुकविली, ती प्रामाणिक नोंदींनी पुन्हा दाखविली.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, ग्रामस्थांच्या साहाय्याने लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे प्रमुख काम आहे. ही वही एकदा भरून कपाटात ठेवण्याची नव्हे. गावतळ्यावर, पाझर तलावावर हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांची माहिती तीत दरवर्षी भरता येईल.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सूर्योदयानंतर, सूर्य पाठीशी ठेवून, तळ्याकाठी न्यावे. कपडे मळकट रंगाचे असावेत. पाखरांवर दगड मारू नयेत, घरट्याजवळ जाऊ नये. तारीख, वेळ, स्थळ, अंदाजे संख्या आणि पाहणाऱ्याचे नाव नोंदवावे. नाव ठाऊक नसेल तर पक्ष्याचे वर्णन लिहावे. अंदाजाने नाव देऊ नये. मच्छीमार, गुराखी आणि पाटकरी यांना जे ठाऊक असते, ते त्यांना आवर्जून विचारावे.

यासाठी निमित्तही सहज मिळते. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा जन्मदिन १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील काळ राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. सप्ताहात वही उघडावी, गणनेच्या सुमारास पाहणी करावी आणि मार्चअखेर परतणाऱ्या थव्यांची तारीख लिहावी.

तळे बुजविण्याचा वा खोल करण्याचा प्रस्ताव उद्या ग्रामसभेपुढे आला, तर तेथे कोण येत होते याचे उत्तर या वहीतच मिळेल. वही कोरी असेल, तर पाखरांची बाजू मांडणारे कोणीच नसेल.