पाणवनस्पती उपटल्या की तलाव स्वच्छ होतो?

गैरसमज: तलावातलं ‘गवत’ काढलं की पाणी नितळ होतं.

शहरातल्या तलावांच्या सफाई मोहिमांत हे हमखास ऐकू येतं. काठावर हायड्रिलाचे ढीग रचायचे, त्यांच्यासमोर फोटो काढायचे आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणी पोपटी झालं की कंत्राटदाराच्या नावानं बोटं मोडायची!

वस्तुस्थिती: शाळेत उलट्या नरसाळ्याखाली ठेवून जिचे बुडबुडे आपण पाहिले, ती हीच हायड्रिला. पाण्याखालच्या वनस्पती तळाचा गाळ धरून ठेवतात. सूक्ष्म शेवाळ खाणाऱ्या पाणपिसवा माशांपासून लपतात त्या त्यांच्याच दाटीत. दाटी गेली की गाळ ढवळतो, शेवाळ माजतं, ऊन तळापर्यंत पोहोचत नाही आणि नवे कोंब फुटत नाहीत.

खरी घाण नाल्यातून येते. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढला की एखादं पान चिमटीत धरून ओढून पाहा, बोटांना तपकिरी बुळबुळीत थर लागेल. त्या थराखाली ऊन न पोहोचल्यानं पानाची उपासमार चाललेली असते.

पटत नसेल, तर नेदरलँड्समधल्या वेलुवेमेर या उथळ तलावाचं उदाहरण घ्या. तिथे फॉस्फरस लिटरमागे सुमारे ०.१५ मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर पाणवनस्पती नाहीशा झाल्या. त्या परत यायला तो ०.१० च्या खाली आणावा लागला. मार्टेन शेफर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं आहे.

‘तलाव बारमाही काठोकाठ हवा.’ फोटोपुरतं ठीक. गढूळ पाण्यात खोली वाढेल तसा तळाशी अंधार वाढतो. उन्हाळ्यात पातळी थोडी उतरली, तर ऊन तळाला लागून बिया रुजतात. पार आटवणं मात्र नको.

‘जलपर्णी काय, हायड्रिला काय, एकच.’ नाही. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, तरंगणारी, ऊन अडवणारी. ती जरूर काढा.

‘गवत्या मासे सोडा.’ ते वनस्पती फस्त करतात आणि त्यातली बरीचशी पोषकद्रव्यं विष्ठेतून तलावातच परत येतात.

‘शुद्धीकरण केंद्र झालं, प्रश्न मिटला.’ नेहमीच्या प्रक्रियेत फॉस्फरस पुरेसा निघत नाही, आणि गाळात साठलेला तर वर्षानुवर्षं पाण्यात सुटत राहतो.

हायड्रिला फारच माजली, तर होडीपुरती वाट कापावी. तळ खरवडू नये. आणि पुढच्या मोहिमेचं आमंत्रण आलं की आयोजकांना एवढंच विचारा: तलावात नाले किती येतात, आणि त्यातले बंद किती केले?