रिपोर्टमध्ये 'सिस्ट' दिसली? आधी हे वाचा!

घरात कुणाचं तरी पोट दुखतं, सीटी स्कॅन होतो आणि रिपोर्टमध्ये लिहून येतं, 'पँक्रिॲटिक सिस्ट'. रिपोर्ट वाचायचं काम अर्थातच तुमच्याकडे! गुगल केलं की थेट कॅन्सर. पण थांबा. ही स्वादुपिंडातली द्रवाने भरलेली पिशवी असते. बहुतेक सिस्टचा कॅन्सर कधीच होत नाही. काहींचा मात्र होऊ शकतो.

त्या ओळखायच्या कशा? इथे एमआरआय कामाला येतो. त्यात रेडिएशन नसतं आणि स्वादुपिंडाची नळीही स्पष्ट दिसते. सिस्ट 3 सेंटिमीटर किंवा मोठी आहे का, मुख्य नळी 5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फुगलीय का, सिस्टच्या आतल्या भिंतीवर गाठ आहे का, हे डॉक्टर बघतात. शंका आली, तर एंडोस्कोपीची नळी पोटात घालून अगदी जवळून सोनोग्राफी करतात.

मग सरळ काढूनच का टाकत नाहीत? कारण हे ऑपरेशन मोठं असतं, नंतर डायबिटीसही होऊ शकतो. म्हणून लहान, त्रास न देणाऱ्या सिस्टवर अधूनमधून स्कॅन करून नजर ठेवतात. 'आता दुखत नाही' म्हणत घरचे पुढची तारीख टाळतील. टाळू देऊ नका. आणि जुने स्कॅन जपून ठेवा. सिस्ट वाढतेय का, हे तुलनेतूनच कळतं.