भोंगा वाजला, पुढे कोण धावले?

पिकाच्या राखणीसाठी काठीला टांगलेला पत्र्याचा डबा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. वारा सुटला की तो खडखडतो. पहिले दोन दिवस पाखरे उडतात. तिसऱ्या दिवशी ती त्याच काठीवर बसून दाणे टिपतात. मोठ्या इमारतींत आगीची वर्दी देणारी जी आपोआप वाजणारी घंटा असते, तिचेही असेच होते. फरक इतकाच की तेथे सरावतात ती माणसे.

हा विषय शेती व आरोग्याच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. आपल्या घरचा माणूस आजारी पडला की आपण त्याला शहरातील चार-सहा मजली इस्पितळात नेतो, रात्र रात्र तेथे बसतो. तेथील घंटेशी आपला संबंध आहे. शिवाय या बाबतीत भोपाळ शहराने जे भोगले, त्याची सुरुवात शेताच्या औषधापासूनच झाली.

जुन्या शेतकऱ्यांना सेविन पावडर आठवत असेल. भाजीवर, कपाशीवर ती सर्रास धुरळत असत. त्यातील कार्बारिल या द्रव्यावर आपल्या देशात २०१८ साली बंदी आली. हेच औषध भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात तयार होई आणि त्यासाठी लागणारा मिथिल आयसोसायनेट हा विषारी पदार्थ टाक्यांत साठवलेला असे. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीनंतर त्यांपैकी एका टाकीतून सुमारे ४० टन वायू सुटला. पुढे मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मृत्यू मान्य केले. खरा आकडा याहून पुष्कळ मोठा, असे भोपाळचे लोक आजही सांगतात.

त्या कारखान्यात भोंगा नव्हता असे नाही. दोन भोंगे होते: एक आतल्या कामगारांसाठी हळू आवाजाचा आणि दुसरा बाहेरच्या वस्तीसाठी मोठा. लहानसहान गळतीने शेजारी घाबरू नयेत म्हणून हे दोन्ही आधीच वेगळे करून ठेवले होते. त्या रात्री एकच्या सुमारास मोठा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा दोन वाजून गेले होते. कामगारांना वाऱ्याची दिशा पाहून पळायचे हे ठाऊक होते. वस्तीला कोणी काही शिकवलेच नव्हते. भोंगा तर एरवीही वरचेवर वाजे, त्यामुळे झोपलेला माणूस कूस बदलून पुन्हा झोपे. इस्पितळात डोळे चोळत, धापा टाकत लोक आले, तेव्हा कोणता वायू सुटला आहे हेही डॉक्टरांना धड कळलेले नव्हते.

आता इमारतीतील घंटेकडे येऊ. छताला जी लहान पांढरी डबी दिसते ती धूर ओळखते. काही डब्या उष्णता ओळखतात. जिन्याजवळची लाल पेटी माणसाने दाबायची असते. या सर्वांच्या तारा तळमजल्यावरील एका फलकाला जोडलेल्या असतात आणि कोणत्या मजल्यावरून वर्दी आली ते त्या फलकावर दिसते. पुष्कळांची समजूत अशी की घंटा वाजली की अग्निशामक दलाला आपोआप कळते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तसे होत नाही. घंटा इमारतीतच वाजते आणि फोन माणसालाच करावा लागतो.

बंब आल्यावर जवान धूर दिसेल तिकडे धावत सुटत नाहीत. त्यांचा प्रमुख आधी तो फलक पाहतो. मग साध्या लिफ्टला हात न लावता ते वर जातात आणि आगीच्या एक-दोन मजले खाली थांबून जिन्यातील पाण्याच्या उभ्या नळाला आपली नळी जोडतात. त्या नळाला पाणी नसेल तर रस्त्यावरून नळ्या ओढत आणाव्या लागतात, आणि आग तेवढा वेळ वाट पाहत नाही. आग नसली तरी कोणती डबी का वाजली ते शोधून काढेपर्यंत काम पुरे झाले असे ते मानीत नाहीत. जागा पाहण्याआधी घंटा बंद करून टाकणे हा तर गुन्हाच म्हणावा.

पण खोट्या वर्द्या फार येतात, हेही खरे. धूळ, वाफ, डबीत शिरलेला किडा, कोणी ओढलेली विडी, एवढे पुरते. लंडनसारख्या शहरात अशा आपोआप आलेल्या वर्द्यांपैकी शंभरांत एकही खरी आग निघत नाही. म्हणून तेथील दलाने ऑक्टोबर २०२४ पासून असे ठरवले की कचेऱ्या, दुकाने अशा ठिकाणी दिवसा नुसत्या यंत्राच्या वर्दीवर बंब धाडायचा नाही; कोणी फोन करून आग आहे असे सांगितले तरच धाडायचा. जेथे माणसे झोपतात, त्या जागा या नियमातून वगळल्या आहेत. आम्हांला हा भेद पटतो. झोपलेला किंवा खाटेला खिळलेला माणूस स्वतः जाऊन पाहू शकत नाही.

आम्ही स्वतः एका मोठ्या इस्पितळात आजाऱ्याला भेटायला गेलो असता घंटा वाजली. कोणी मान वर केली नाही. विचारले तेव्हा "ती रोजच वाजते" एवढेच उत्तर मिळाले. उपाय म्हणजे घंटेचे तोंड बांधणे नव्हे. रोज वाजणारी डबी साफ करावी, चुकीच्या जागी असेल तर हलवावी.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी रात्री भोपाळमधील हमीदिया इस्पितळाच्या आवारातील कमला नेहरू इस्पितळात तिसऱ्या मजल्यावरच्या नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. याच हमीदियात १९८४ साली वायुपीडितांना आणले होते. कक्षात ४० बाळे होती. धुरात शिरून परिचारिका, डॉक्टर व इतरांनी ३६ बाळे हलवली. चार बाळे दगावल्याचे सरकारने त्या वेळी सांगितले. आग विझवण्याची तेथील व्यवस्था ऐन वेळी कामी आली नाही, अशी तक्रार तेव्हा पुढे आली. नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. त्या नावेही न ठेवलेल्या लेकरांची आठवण प्रार्थनेत राहू द्यावी. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा बाळे अशीच गेली, आणि एप्रिलात विरारच्या इस्पितळातील अतिदक्षता विभागात पहाटे आग लागली.

महाराष्ट्रात २००६ चा कायदा आहे. इमारतीतील आगीची साधने चालू स्थितीत आहेत असे प्रमाणपत्र मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, द्यायचे असते. आपल्या माणसाला दाखल करताना ते विचारायला संकोच वाटू देऊ नये. खाटेचे भाडे आपण विचारतोच ना? मुक्काम पडला की दुसरा जिना कोठे आहे ते पाहून ठेवावे, आणि त्याच्या दाराशी खोकी रचली असतील तर सिस्टरांच्या कानावर घालावे.

घंटा वाजली तर आधी तेथील परिचारिकेला विचारावे. धूर दिसला तर विचारत बसू नये. खाली वाकून चालावे, कारण धूर वर जमतो. ओल्या फडक्याने डोळ्यांची व घशाची चुरचुर कमी होते, पण कोळशाच्या शेगडीतून निघतो तो विषारी वायू त्याने अडत नाही, म्हणून फडक्याच्या भरवशावर आत थांबू नये. मागचे दार ओढून घ्यावे. प्राणवायूची नळी बंद करायची की नाही, ते तेथील माणसांनाच ठरवू द्यावे.

फोन १०१ किंवा ११२ वर करावा. इमारतीचे नाव, रस्ता, मजला, काय जळते आहे आणि वर किती माणसे अडकली आहेत, एवढे सांगावे. पलीकडचा माणूस विचारील तोवर फोन ठेवू नये. एकाने फाटकाशी जाऊन उभे राहावे आणि वाटेतल्या मोटारी व दुचाक्या बाजूला करवून घ्याव्यात, कारण इस्पितळाच्या दारात बंब सर्वांत आधी अडतो तो तेथेच.