रंग उभा करून पाहावा

सकाळी ७:३०

पुण्यात सहकारनगरमधल्या जुन्या सोसायटीत मी मुद्दाम ऐन स्वयंपाकाच्या वेळी पोचते. आवरून ठेवलेलं स्वयंपाकघर रंगाबद्दल काहीच सांगत नाही. इथे डबे भरायचे आहेत, पोळ्या चालू आहेत, कुकरची दुसरी शिट्टी झाली आहे. काकू तव्यावरची नजर न हलवता डाव्या हाताने वरच्या कपाटातून तिखटाची बरणी काढतात. त्या दारावर हँडलच्या बाजूला बोटांचा तेलकट पट्टा उमटलेला आहे. मी त्याचा फोटो काढून ठेवते. कुठे कसलं फिनिश लागेल हे मला अशा पट्ट्यांवरूनच कळतं.

घर नव्वदीतलं. सागवानी छापाचा तपकिरी सनमायका, कडेने ॲल्युमिनियमची पट्टी, भिंतीला फळांच्या टोपल्यांच्या टाइल्स, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा. ओटा उत्तम आहे, तो राहणार. पिवळसर फरशीही राहणार. म्हणजे या खोलीतले दोन रंग आधीच ठरलेले आहेत आणि नव्याला त्यांच्याशी जमवून घ्यायचं आहे. कपाटांचा रंग आधी आवडतो आणि फरशी नंतर आठवते, तिथेच बहुतेक घरांत घोळ होतो.

सूनबाईंना पांढरं आणि चकचकीत हवं आहे. हा हट्ट नाही. ही खोली खरोखर अंधारी आहे, भर सकाळी दिवा लावून काम करावं लागतं. काकूंना डाग दिसू नयेत असं काहीतरी हवं आहे, कारण रात्रीचं पुसणं त्यांच्याकडे असतं. माझ्या मते दोघींची मागणी रास्त आहे आणि ती एकाच रंगाने पुरी होणार नाही.

पिशवीतून मी चार तुकडे काढते: दाणेदार पोताचं पांढरं लॅमिनेट, ॲक्रिलिक, पीयू पेंट, आणि बोटांचे ठसे न उमटणारं मॅट लॅमिनेट. फोडणीतलं हळदीचं तेल चमच्याने प्रत्येकावर टाकते.

“अगं, कोऱ्या वस्तूला हळद कशाला लावतेस?”

“काकू, पुढे रोजच लागणार आहे. आज मी संध्याकाळी पुसून बघते.”

सकाळी ९:००

आता कपाटं रिकामी करून बॉक्स तपासायचे. प्लायवर बोटाने टकटक करायची, स्क्रू फिरवून तो पकड घेतो का पाहायचं, मागच्या फळीला वाळवीची माती आहे का बघायचं. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का दिसतो, म्हणजे पाणी सोसणारा प्लाय वापरला होता. सिंकखालचा बॉक्स तेवढा फुगला आहे, तो बदलायचा. बाकीचे ठेवून फक्त शटर, म्हणजे दारं, नवी करायची. सुस्थितीतला प्लाय तोडून फेकायला मी कोणालाच सांगत नाही. वाचलेल्या पैशात बिजागऱ्या आणि दिवे चांगले घेता येतात, आणि रोजच्या वापरात जाणवतात ते तेच.

सकाळी ११:००

भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. बाहेर टेम्पो लागलेत, आत लाकडाच्या भुश्श्याचा आणि फेविकॉलचा वास.

दुकानदार कॅटलॉगची चळत पुढे करतात. मी त्यातून नंबर टिपते, निर्णय घेत नाही. कॅटलॉगमधला तुकडा तळहाताएवढा असतो, आणि तोच रंग मोठ्या क्षेत्रावर गेला की जास्त उजळ आणि जास्त तीव्र दिसतो. शिवाय कॅटलॉग आपण मांडीवर आडवा धरतो. त्यावर वरून प्रकाश पडतो. कपाटाचं दार उभं असतं, आणि खालच्या दारांवर तर ओट्याची सावली असते. मांडीवर सुरेख वाटलेला राखाडी तिथे कोळशासारखा दिसतो.

म्हणून मी आठ बाय चारची अख्खी शीट बाहेर काढायला लावते. “मॅडम, दारापर्यंत नेऊ का?” ते विचारतात, त्यांना माझी सवय माहीत आहे. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात. शटरच्या कडेचा एज बँड तर बहुधा वेगळ्याच कारखान्यात बनतो, म्हणून त्याची जोडी दोन्ही उजेडांत लावून पाहते. शेवाळी हिरव्याला तिसरा बँड जुळतो.

फिकट रंगात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. लॅमिनेट म्हणजे फिनॉलिक राळेत भिजवलेल्या क्राफ्ट कागदाचे थर आणि वर रंगीत कागद. आतले थर तपकिरी असल्याने कापलेल्या कडेला बारीक काळपट रेघ दिसते. गडद रंगात ती लपते, मोतिया रंगात डोळ्यांत येते. कड नीट काढणारा कारागीर असेल तरच मी फिकट लॅमिनेट सुचवते.

एक मिलिमीटर जाडीची मोतिया आणि शेवाळी, शिवाय एक राखाडी, अशा तिन्ही रंगांचे मोठे तुकडे घेऊन निघते.

दुपारी १:३०

नऱ्ह्याच्या वर्कशॉपमध्ये डबा खाते. शेजारच्या खोलीत पीयूची शटर वाळताहेत. एमडीएफ घासायचा, प्रायमर, पुन्हा घासायचं, मग रंगाचे हात, आणि हवेत धुळीचा कण नको. हे काम बघताना मला कारागिराबद्दल फार आदर वाटतो. पीयूवर चरा पडला तर तो घासून दुरुस्त करता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण सहकारनगरच्या घरात खालच्या दारांना डबे आणि पातेली रोज घासणार, त्यामुळे तिथे लॅमिनेटच टिकेल. पीव्हीसीचा पापुद्रा चढवलेली मेंब्रेनची शटर मात्र शेगडीच्या आसपास मी कधीच लावत नाही, उष्णतेने तो पापुद्रा कडेला सुटतो.

वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या घरांसाठी जे स्वयंपाकघर आखलं, त्याची कपाटं निळसर हिरवी रंगवली होती, कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत असा तेव्हा समज होता. समज खरा असो नसो, रंग निवडताना तिथे काम करणाऱ्या बाईचा विचार झाला होता. तो विचार मला अजून मोलाचा वाटतो.

दुपारी ४:३०

पुन्हा सहकारनगर. खिडकी पश्चिमेला आहे, फाल्गुनातलं ऊन थेट आत येतं. तिन्ही तुकडे खालच्या दारांना चिकटपट्टीने उभे लावते आणि काही बोलत नाही. पहिली दहा मिनिटं घरच्यांची असतात.

राखाडी बाद होतो. पिवळसर फरशीशेजारी तो जांभळट दिसू लागला आहे. पिवळ्याच्या संगतीत राखाडीचं असंच होतं. शेवाळी ओट्याच्या सावलीतही हिरवाच राहिला आहे. काकू आतून एक सुती साडी आणतात, “हा रंग मला नेहमी आवडायचा.” त्यांच्या साडीतला हिरवा अधिक उबदार आहे, पण त्या शेवाळीकडे पाहतात आणि मान डोलावतात.

सूनबाईंशी मी चकाकीबद्दल बोलते. खोली उजळते ती रंगाच्या फिकेपणाने. चकाकी उजेड वाढवत नाही, ती समोरची खिडकी आणि ट्यूब आरशासारखी दाखवते, आणि पृष्ठभागावरची लाटही. वर मोतिया मॅट लावला तरी उजेड तितकाच परत येईल. त्या दोन्ही तुकडे वर धरून पाहतात. “आई, खाली हिरवा घेऊ, वर हा,” त्या म्हणतात. कपाटांखाली एलईडीची पट्टी लावायची आणि ओट्यावरचा अंधार घालवायचा, हेही तिथेच ठरतं.

संध्याकाळी ७:००

दिवे लावून बघायचे. ६५०० केल्विनच्या ट्यूबखाली मोतिया निस्तेज आणि शेवाळी निळसर दिसतो. ३००० च्या दिव्यात सगळंच पिवळं पडतं, ताज्या भाजीचा रंगसुद्धा. ४००० केल्विनवर दोन्ही रंग दुपारच्या जवळ येतात. ओट्यावरची पट्टी त्याच मापाची घ्यायची.

मग हळद. ॲक्रिलिक ओल्या फडक्याने साफ झालं, पण खरखरीत घासणी फिरवताच बारीक चरे पडले. पीयूवर पुसट सावली राहिली. दाणेदार पांढऱ्याच्या पोतात पिवळं अडकून बसलं, वर भांड्यांचा साबण लावल्यावर तिथे लालसर झालं. हळद क्षाराने लाल होते, ते इथे उघड दिसलं. उन्हात ठेवला तर डाग हळूहळू फिका पडतो, पण कपाटाचं दार कोण उन्हात ठेवणार? ठसे न उमटणारा मॅट तुकडा काकूंनी स्वतः पुसला आणि दिव्याखाली तिरका धरून पाहिला. “हा घे,” त्या म्हणाल्या.

रात्री ८:३०

दुकानदारांना नंबर पाठवते: वर मोतिया, खाली शेवाळी, दोन्ही मॅट, एक मिलिमीटर. सगळ्या शीट एकाच लॉटमधल्या हव्यात, नंतर मागवलेल्या शीटचा रंग किंचित फिरू शकतो. वर्कशॉपला कळवते की शटर १८ मिलिमीटरची, बिजागरीचं छिद्र ३५ चं, आणि कडेला दोन मिलिमीटरचा बँड. शेवाळीची एक शीट जास्त लिहिली आहे, पुढेमागे एखादं दार खराब झालं तर लागेल. ती शटरच्या मापात कापून काकूंच्या पलंगामागे उभी ठेवायची, जागा त्यांनी दाखवून ठेवली आहे.